शिरूर-दौंडमधील रोगनिदान : एक मागोवा

भीमा आणि घोड यांच्या काठच्या शिरूर व दौंड तालुक्यांत गेल्या अर्धशतकात रोगनिदानाची रीत कशी पालटत गेली हे पाहू लागले, म्हणजे प्रथम आठवतो तो ताप. हिवतापाची सुधारित योजना १९७७ साली अमलात आली, तेव्हा तापकऱ्याचे रक्त काचपट्टीवर घ्यावे आणि निकालाची वाट न पाहता क्लोरोक्वीन द्यावे, असा शिरस्ता पडला; निकाल हाती येईपर्यंत रुग्ण एकतर बरा होऊन शेतावर गेलेला असे, किंवा विषमज्वर बळावून पुण्याच्या वाटेला लागलेला असे, आणि ज्याने पहिले निदान केले त्याला त्याची वार्ताही नसे. प्राथमिक उपचारांतील प्रमादांचे मूळ अज्ञानापेक्षा या न परतणाऱ्या वार्तेत अधिक आहे, असे माझे मत आहे.

पुढे हिवतापाची झटपट चाचणी गावात आली, क्षयाच्या थुंकीचा निर्णय सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत देऊ लागले. मात्र मण्यारीच्या दंशाला असे यंत्र नाही. उसाच्या हंगामात न्हावरे-पाटसच्या परिसरात कोपीत जमिनीवर निजलेल्या मजुराला रात्री ती चावते, वेदना जवळजवळ होत नाहीत, दाताची खूण दिसेलच असे नाही. पहाटे तो पोटदुखी आणि उलट्यांची तक्रार घेऊन हजर होतो, आणि पापण्या जड झाल्या आहेत का, गिळता येते का, हे विचारण्याचे भान तपासणाऱ्याला नसेल तर अपचनाचे औषध घेऊन परततो. येथे प्रश्न विचारणे हीच चाचणी होय.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजींच्या प्रेरणेने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने सत्तरच्या दशकात जे ग्रामीण आरोग्यकार्य उभारले, त्याचे महत्त्व मला म्हणूनच मोठे वाटते. २००२ पासून तेथे शिरूर व हवेलीतील २२ गावांच्या जन्ममृत्यूंचे दप्तर ठेवले जाते, आणि मृताच्या आप्तांना अखेरच्या आजाराची लक्षणे विचारून मृत्यूचे कारण निश्चित केले जाते. हीच तजवीज प्रत्येक आरोग्य केंद्रात व्हावयास हवी : पुण्याला पाठविलेल्या रुग्णाच्या अंतिम निदानाची प्रत केंद्राकडे यावी, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने ती आशाताईंसह दरमहा वाचावी.