'वाइल्ड स्वॉन्स' आणि पेडगावचे वाचक

चीनच्या साम्यवादी राजवटीत वाढलेल्या एका मुलीच्या आठवणी परभणीजवळच्या पेडगावी वाचल्या जाव्यात व त्यांवर हिरिरीने मते पडावीत, यात आम्हांस नवल वाटत नाही. (वेड पांघरून जाण्याचे म्हणीतले पेडगाव ते हे नव्हे, ते श्रीगोंद्याकडचे, भीमेकाठचे.) मराठी मनात चीनची दोन चित्रे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे. ते १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले. दुसरे चित्र १९६२ च्या युद्धाचे. पहिल्या चित्रामुळे चीन आपला वाटतो, दुसऱ्यामुळे वैरी. युंग चांग यांचे पुस्तक वाचणारा बहुधा या दोहोंपैकी एक चष्मा घालूनच वाचावयास बसतो.

प्रथम पुस्तकाची घडण सांगितली पाहिजे, कारण मतभेदाचे मूळ तेथेच आहे. १९९१ साली इंग्रजीत निघालेल्या या ग्रंथात तीन पिढ्यांच्या स्त्रिया आहेत: पाय बांधलेली व एका लष्करी सरदाराची रखेल म्हणून दिलेली आजी, साम्यवादी पक्षात शिरलेली आई आणि १९५२ साली जन्मलेली स्वतः लेखिका. आई १९८८ साली लंडनला लेकीकडे आली असता बोलू लागली, आणि तिच्या बोलण्याच्या साठ तासांच्या ध्वनिफिती झाल्या. म्हणजे पहिला भाग ऐकीव, दुसरा आईने भोगलेला व लेकीने लिहिलेला, तिसरा डोळ्यांनी पाहिलेला. तिन्ही भागांना एकच वजन देणे बरे नव्हे. ज्या वाचकांनी हा भेद ध्यानात घेतला नाही, त्यांनी एक तर सारे खरे मानले किंवा सारे खोटे.

खोटे मानणाऱ्यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणतात, ही अधिकाऱ्याच्या घरातल्या मुलीची कैफियत आहे. बाप सिच्वान प्रांतात प्रचारखात्याचा मोठा अंमलदार, घर चेंगडूच्या सरकारी वसाहतीत. खेड्यातला चिनी कुणबी या पुस्तकात कडेकडेनेच भेटतो. हे खरे आहे. आणि त्या राज्याने १९५० च्या विवाहकायद्याने रखेल ठेवण्याची चाल बंद केली, हेही खरे. ज्या आजीची कर्मकहाणी वाचून आपण हळहळतो, तिच्या लेकीला क्रांती हवीशी का वाटली, हे पुस्तकच सांगते. लेखिकेने ते लपविलेले नाही, ही तिच्या बाजूने मोठी साक्ष आहे.

दुष्काळावर मते सर्वांत तीव्र. आमच्या भागात १९७२ अजून तोंडात आहे: खडी फोडण्याची कामे, सुकडी, तांबडी मिलो ज्वारी. तेव्हा 'भूक काय चीनमध्येच होती?' असा प्रश्न येणारच. येथे आकडे मांडणे जरूर आहे. चीनमध्ये १९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत 'मोठ्या झेपे'च्या नावाखाली शेतकऱ्यांना पोलाद गाळावयास लावले, चिमण्या मारविल्या, आणि वर खोटे उत्पन्न कळविले जाऊन त्या मानाने धान्य उचलले गेले. मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, पण तसा संहार झाला नाही. अमर्त्य सेन यांनी याचे कारण सांगितले ते असे की, जेथे वर्तमानपत्र ओरडू शकते व विरोधक सभागृहात उभा राहू शकतो, तेथे सरकारला उपासमार झाकता येत नाही. मात्र त्याच सेनांनी हेही बजावले आहे की रोजची अर्धपोटी अवस्था हटविण्यात आणि आयुर्मान वाढविण्यात चीनने भारताला मागे टाकले होते. पहिले वाक्य उचलून दुसरे टाकणारे वाचक आम्हांस पुष्कळ भेटतात.

मराठवाड्याच्या वाचकाला अशा पुस्तकाची पारख करण्याचे एक साधन घरातच आहे. निजामी राजवटीच्या आठवणी येथे घरोघर सांगितल्या गेल्या. रझाकारांच्या धाडी एका घरात, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले ते दुसऱ्या घरात. सुंदरलाल समितीने त्या दुसऱ्या गोष्टीचा अहवाल दिला, पण तो कित्येक दशके दडपलेला राहिला. दोन्ही घरांतील म्हातारी माणसे खरेच बोलत होती, पण एकानेच ऐकले असते तर इतिहास लंगडा झाला असता. युंग चांगही अशा एका घरातून बोलते आहे, इतके ओळखले म्हणजे तिला लबाड ठरविण्याची गरज उरत नाही.

सर्वांत मार्मिक मते बायकांची. राजकारण बाजूला ठेवून त्या एका प्रसंगावर अडल्या: १९४९ साली नवरा-बायको सिच्वानकडे निघाली असता नवरा हुद्द्याप्रमाणे जीपमधून गेला आणि गरोदर बायको पायी चालली, कारण जीपचा हक्क तिच्या हुद्द्याला नव्हता. तिचा गर्भ गेला. 'तत्त्वाचा माणूस' म्हणून पुरुष वाचक ज्या बापाची वाखाणणी करीत होते, त्याच्याविषयी एक बाई एवढेच म्हणाल्या, 'तत्त्व त्यांचं, चालणं तिचं.' पुढे याच माणसाने सांस्कृतिक क्रांतीत माओला विरोधाचे पत्र लिहिले, तुरुंग व मार सोसला, त्याचे डोके फिरले, आणि १९७५ साली तो मेला. बायकोला काचांवर गुडघे टेकावयास लावले, तरी तिने नवऱ्याला नाकारले नाही. त्या बाईंना आम्ही हा उत्तरार्ध ऐकविला. त्या म्हणाल्या, तो त्यांनी वाचला आहे, आणि जीपचे मत बदललेले नाही.