परीक्षेतील कौल

कुंडलिकेच्या काठी, जुन्या जालन्यात, परीक्षेस निघालेल्या मुलाच्या हातावर दही-साखर पडते. त्यात वावगे काही नाही. परंतु पुढे उत्तरपत्रिकेवरही कौल लावण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र तपासून पाहण्यासारखी होय. न येणाऱ्या प्रश्नास ‘क’ द्यावा, लागोपाठ तीनदा ‘ब’ आला तर चौथा ‘ब’ नव्हेच, असे समज मुले एकमेकांस मोठ्या खात्रीने सांगतात. उत्तरांचा क्रम अशा समजुतींस बांधलेला नसतो.

खरा भेद गुणदानाच्या नियमात आहे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या ‘सीईटी’त चुकीस दंड नाही, तेथे प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीस १ वजा. चारही पर्याय अनोळखी असता चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर व तीन चूक, म्हणजे पदरी १ गुण. तेच प्रत्येकी एक पर्याय निश्चितपणे खोडता आला, तर तीनच प्रश्नांत २ गुण. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत दंड एकतृतीयांश असल्याने आंधळ्या अंदाजाचा हिशेब शून्यावर मिटतो. तेथे एखादा पर्याय खोडल्याखेरीज लेखणी उचलण्यात हशील नाही.