बोलणे अडखळते, तेव्हा कान काय ऐकतात?

‘जीभ जड झाली आहे’, ‘बोलणे बोबडे येते’, ‘बाबा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात’ अशा तक्रारी अनेक घरांत ऐकू येतात. त्यावरून दोन निष्कर्ष फार घाईने काढले जातात. एक म्हणजे, वय झाले, आता असेच चालायचे. दुसरा म्हणजे, त्यांना आता नीट समजत नाही. हे दोन्ही निष्कर्ष अनेकदा चुकीचे असतात.

एक शब्द उच्चारायला छाती, स्वरयंत्र, टाळू, जीभ आणि ओठ यांच्या स्नायूंना एका तालात काम करावे लागते. स्नायू दुबळे किंवा ताठर झाले, त्यांचा ताळमेळ सुटला, की उच्चार बिघडतात. याला डिसार्थ्रिया म्हणतात. स्नायूंत ताकद असूनही कोणती हालचाल आधी व कोणती नंतर, ही मेंदूतली आखणी बिघडली, तर तो अ‍ॅप्रॅक्सिया. या दोन्हींत मुळात भाषा शाबूत असते. अ‍ॅफेजियात मात्र शब्द सुचणे, समजणे, लिहिणे यांतच अडचण येते. पक्षाघातानंतर हे विकार एकत्रही दिसू शकतात, म्हणून तपासणीत त्यांना वेगळे करून पाहावे लागते.

वाचाउपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, आधी बघतात आणि मग ऐकतात. चेहरा एका बाजूला ओघळला आहे का? बाहेर काढलेली जीभ एकीकडे वळते का? ‘आ’ म्हणताना टाळू वर उचलला जातो का? मग एका श्वासात ‘आ’ किती वेळ टिकतो, हे मोजतात. निरोगी प्रौढांना साधारण १५ ते २० सेकंद जमते. त्यानंतर ‘प-प-प’, ‘त-त-त’, ‘क-क-क’ आणि शेवटी ‘प-त-क, प-त-क’ भराभर म्हणायला सांगतात.

हीच अक्षरे का? आपल्या वर्णमालेतच त्याचे उत्तर आहे. ‘प’ ओठांचा, ‘त’ जिभेच्या टोकाचा, ‘क’ जिभेच्या मागच्या भागाचा. कोणता वर्ग अडखळतो, त्यावरून कोणता अवयव कमी पडतो ते कळते. टाळू दुबळा असेल तर हवा नाकातून निसटते आणि ‘बाबा’ म्हटलेले ‘मामा’ ऐकू येते. जीभ मागे वळत नसेल तर ‘ट’ आणि ‘ळ’ बिघडतात.

बिघाडाची जागा आवाजावरून ओळखता येते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डार्ली, अ‍ॅरन्सन आणि ब्राऊन यांनी १९६९ मध्ये पद्धतशीरपणे मांडले. त्यांनी २१२ रुग्णांचे बोलणे ३८ निकषांवर ऐकून तपासले. आजही हीच वर्गवारी पायाभूत मानतात. पार्किन्सन्समध्ये आवाज हळू आणि एकसुरी होतो. लहान मेंदूच्या विकारात शब्द तुटक, झिंगल्यासारखे येतात. अशा माणसाला दारुडा समजले जाते, हे दुःख वेगळेच. मायस्थेनियात बोलता बोलता आवाज खचतो आणि विश्रांतीनंतर सुधारतो. त्यामुळे रुग्णाला सलग आकडे मोजायला लावतात.

अ‍ॅप्रॅक्सिया ओळखायला वाढत जाणारे शब्द उपयोगी पडतात. ‘पाणी’ जमते, ‘पाणीपुरी’ अडते, ‘पाणीपुरीवाला’ म्हणताना दर वेळी वेगळीच चूक होते. एक ते दहा सहज म्हणणारा माणूस उलटे आकडे म्हणताना अडखळतो.

शेवटची कसोटी आहे ती रोजच्या व्यवहाराची. घरच्यांना सवयीने सगळे कळते. पण रिक्षावाल्याला ‘तुळशीबाग’ सांगितलेले पहिल्या खेपेत समजते का? फोनवर? यावरच व्यायामांची दिशा ठरते, आणि गरज पडल्यास अक्षरपाटी किंवा मोबाइलचा आधार सुचवला जातो. जेवताना ठसका लागत असेल तर तेही जरूर सांगा, कारण गिळण्याचे आणि बोलण्याचे बरेच स्नायू एकच आहेत.

तपासणीला जाताना चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि औषधांची यादी सोबत असावी. पार्किन्सन्सची गोळी किती वाजता घेतली, तेही सांगावे, कारण तिच्या वेळेनुसार बोलण्यात फरक पडू शकतो. पुण्यात भारती विद्यापीठाच्या या विषयाच्या महाविद्यालयात वाचाउपचारतज्ज्ञ घडतात, तर पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच करू नये.

बोलणे अचानक बोबडे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू नका. तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लगेच १०८ ला फोन करा. एरवी, हळूहळू बिघडलेल्या बोलण्यात घरच्यांनी एवढे करावे: टीव्ही बंद करून समोर बसावे आणि त्यांचे वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्यावे.