काय चालवणार, ते विचारायचं नाही

ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये मी क्षमतेचं नियोजन करते. शिरोळला घरी गेले आणि कुणी कामाचं विचारलं, की 'सर्व्हर भाड्यानं देतो' एवढंच सांगते. खरी गोम मात्र पुढे आहे. भाडेकरू आत काय करणार, हे आम्ही विचारतच नाही. एखाद्या बँकेपुरता किंवा हवामानाच्या गणितापुरता क्लाउड उभारायचा, तर कामाचं स्वरूप आधी कळतं. सर्वसाधारण वापराच्या क्लाउडवर एका सर्व्हरवर कापड दुकानाचा हिशेब, शेजारी कॉलेजच्या प्रवेशाची वेबसाइट आणि त्याला लागून कुणा हौशी पोराचा प्रयोग. ग्राहक रात्री दोन वाजता स्वतःच बटण दाबून मशीन चालू करतो, पहाटे बंद करतो. त्याला तेवढ्याच तासांचं बिल गेलं पाहिजे, म्हणून मोजणी पहिल्या दिवसापासून चोख लागते.

ग्राहक ठाऊक नसताना खरेदी किती करायची? इथे कामाला येते ती जास्तीची विक्री. आहे त्याहून अधिक विकायचं. ऐकायला लबाडी वाटते. माझे चुलते, तात्या, नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेच्या कमिटीवर होते. त्यांना फोड करून सांगावी लागली नाही. संस्थेच्या पंपांच्या ताकदीपेक्षा सभासदांचं क्षेत्र कितीतरी जास्त असतं, पण सगळ्यांचं पाणी एकाच वेळी चालू नसतं, म्हणून भागतं. "आणि उन्हाळ्यात समद्यांनीच मागितलं म्हंजी?" तात्यांनी लगेच विचारलं. संस्था पाळी लावते. आम्हाला पाळी लावता येत नाही. ग्राहकानं पैसे मोजले ते मागितल्याक्षणी मिळावं म्हणून.

ओपनस्टॅक हे क्लाउड उभारायचं मोफत सॉफ्टवेअर २०१० साली नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलं. त्याच्या नोव्हा या भागात बरीच वर्षं एक प्रमाण आयतं दिलेलं होतं: प्रोसेसर १६ पट विका, मेमरी दीडपट. मी एवढं धाडस करत नाही. प्रोसेसर चारपट, आणि मेमरी जेवढी आहे तेवढीच. प्रोसेसर वाटून घेतला तर काम हळू होतं, एवढंच. मेमरी संपली तर चालतं काम मधेच मरतं.

यातून कोडं कसं पडतं ते बघा. ६४ कोअरचा, ५१२ जीबी मेमरीचा सर्व्हर घेतला. चारपट धरून २५६ आभासी प्रोसेसर विकायला मोकळे. ग्राहकांना आवडतं माप २ प्रोसेसर आणि ८ जीबीचं. सर्व्हरच्या स्वतःच्या कामाला ३२ जीबी बाजूला काढली की उरतात ४८०, म्हणजे ६० मशीन. प्रोसेसर विकले गेले १२०. निम्म्याहून जास्त पडून, आणि मेमरी मात्र काठोकाठ! म्हणून सर्व्हरची ऑर्डर देण्याआधी लोक कोणतं माप उचलतील याचा अंदाज बांधावा लागतो. डिस्कचं गणित त्यामानाने सरळ आहे. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या असतील तर ३०० टीबी विकत घेऊन १०० वापरायच्या, आणि त्याही गच्च भरू द्यायच्या नाहीत.

गर्दीचे दिवस बहुतेक कॅलेंडरवर असतात. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो, आणि पंधरा लाखांच्या आसपास मुलं, शिवाय त्यांचे आईबाप, एकदमच मोबाइल उघडतात. पीकविम्याची शेवटची तारीख तशीच. आमच्याकडच्या गळीत हंगामात काटा-पावत्या आणि ऊसबिलं महिनोन्‌महिने चालतात, पावसाळ्यात सगळं थंड. हे चढ एकावर एक येत नाहीत, यातच सर्वसाधारण क्लाउडचा धंदा बसतो. पण हार्डवेअर मागवल्यापासून हातात पडायला कधीकधी महिने जातात. ७० टक्के भरलं की आमची पुढची ऑर्डर गेलेली असते.

मग येतो बंद पडण्याचा हिशेब. '९९.९ टक्के चालू' म्हटलं की वाचणारा खूश. पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे. ९९.९९ म्हटलं तर जेमतेम ५३ मिनिटं. ते एक जादा ९ फार महाग पडतं: दुसरी वीजवाहिनी, जनरेटर, दुसरी इमारत, आणि खरं तर दुसरं शहर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एकट्या मुंबईवर विसंबून चालत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई अशी तीन ठिकाणं निवडली. ॲमेझॉन २०१६ ला मुंबईत आली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात हैदराबादेतही.

कायदा तर आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच ठेवायला सांगितलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच. ग्राहक सोडून गेल्यावर त्याचा डेटा केव्हा आणि कसा पुसायचा, हे करारात लिहिलेलं नसतं तिथे पुढे भांडण ठरलेलं. महाराष्ट्रानं जानेवारी २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी क्लाउडचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हे प्रश्न तालुक्यापर्यंत आले आहेत.

मध्यंतरी जयसिंगपूरच्या एका पतसंस्थेच्या मॅनेजरांनी विचारलं, "मॅडम, क्लाउडवर गेलो तर पुरात काळजी नाही ना?" २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या मधला आमचा तालुका पाण्यानं वेढला होता, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता. खालच्या मजल्यावरचा सर्व्हर अशा वेळी बुडतोच. क्लाउडवरचा हिशेब शाबूत राहील, हे मी छातीठोकपणे सांगितलं. पण काउंटरवर पैसे द्यायचे तर शाखेत वीज हवी आणि लाइन हवी, आणि ती आमच्या आराखड्यात येत नाही. त्यांना म्हटलं, इंटरनेटवाल्याला दोन गोष्टी विचारा: तुमची केबल कोणत्या पुलावरून येते, आणि दुसरी लाइन घेतली तर तीही त्याच पुलावरून येणार का.