आगपाखड केल्याने आग विझते का?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात नारबोद निघते. नारबोदेचा पुतळा गावाच्या शिवेबाहेर नेऊन जाळतात आणि रोगराई, खोकला, जे जे नकोसं झालंय ते घेऊन जा, असं तिला ओरडून ओरडून सांगतात. नागपुरात तिचीच थोरली बहीण शोभावी अशी मारबत असते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सोबतचे बडगे, म्हणजे पुतळे, महागाई, भ्रष्टाचार आणि पुढारी यांच्या नावाने निघतात. सातारा जिल्ह्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात.

साचलेलं बाहेर काढलं की माणूस हलका होतो, ही समजूत अशा प्रथांमागे आहे असं म्हटलं जातं. युरोपात तिला शास्त्राचा पोशाख चढला १८९५ साली, ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या उन्मादावरच्या पुस्तकातून. मन म्हणजे कुकर, शिटी झाली नाही तर फुटणार! हे चित्र इतकं सोयीचं आहे की पटतंच.

प्रयोगांना मात्र ते पटलेलं नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. प्रत्येकाच्या निबंधावर अत्यंत झोंबणारा शेरा मारला. मग एका गटाला, शेरा मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. दुसऱ्या गटाने ठोसे मारले, पण व्यायाम म्हणून. तिसरा गट दोन-एक मिनिटं नुसता बसून राहिला. त्यानंतर त्या शेरेबाजाच्या कानात कर्कश आवाज सोडायची संधी सगळ्यांना मिळाली. सर्वांत जोरात सूड घेतला तो माणूस आठवून ठोसे मारणाऱ्यांनी. सर्वांत सौम्य राहिले, काहीच न करणारे.

२०२४ मध्ये सोफी केर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसं होती. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं यांनी राग उतरला. शरीर तापवणाऱ्या गोष्टींचा एकूण उपयोग झाला नाही. जॉगिंगने तर राग वाढलेला दिसला. कारण साधं आहे. रागात छाती धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू आवळले जातात, आणि तावातावाने बोलताना हेच सगळं पुन्हा होतं. शिवाय झालेला प्रसंग आपण नव्याने जगतो. मराठीला हे आधीच ठाऊक असावं. शब्दच आहे ‘आगपाखड’. निखाऱ्याला सुपाने वारा घातला की काय होतं, हे चुलीपाशी बसलेल्या कुणालाही विचारा.

मग तोंडसुख घेतल्यावर बरं का वाटतं? वाटतं हे खरंच आहे, आणि गोम तिथेच आहे. सुख मिळालं की माणूस पुन्हा तेच करतो. ऐकणारा मित्र ‘हो ना, नालायकच आहे तो’ म्हणाला की आणखी दहा मिनिटं निघतात. अमँडा रोझ यांना २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींत हेच दिसलं. एकच दुखणं जोडीने उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण उदासी आणि चिंताही जास्त होती.

म्हणून राग गिळावा, असं नाही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही. लिहिताना त्यांना त्रास झाला, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिताना गोष्टीला सुरुवात-शेवट द्यावा लागतो. तोंडाने कढ काढताना ती गोल गोल फिरत राहते.

या नजरेने नारबोदेकडे पुन्हा पाहिलं तर तिचं शहाणपण ओरडण्यात कमी आणि शिवेत जास्त दिसतं. दिवस ठरलेला, लक्ष्य पुतळा, आणि जळाला की विषय संपला. बोरीच्या बारातही मध्ये ओढा आहे. घरच्या भांडणाला ना शीव ना ओढा.

राहिला प्रश्न खऱ्या गाऱ्हाण्याचा. रस्ता नाही, रेशन अडलं, जमिनीचा पट्टा मिळाला नाही, त्यावर ध्यान हा उपाय नव्हे. मध्य प्रदेशात दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई भरते. तिथे कागद न्यावा लागतो, आणि त्या कागदावर काय घडलं, कधी घडलं, काय हवं आहे, एवढंच लिहावं लागतं.