केंद्रीय वर्चस् व मापबदल सममिती

ज्या प्रेरणेची दिशा नेहमी एका स्थिर बिंदूकडे अथवा त्यापासून दूर असते व जिचे मूल्य केवळ त्या बिंदूपासूनच्या अंतरावर अवलंबून असते, तिला केंद्रीय प्रेरणा म्हणतात. तिच्याशी निगडित स्थितिज ऊर्जेला केंद्रीय वर्चस् अशी संज्ञा आहे. अणुकेंद्र व इलेक्ट्रॉन यांमधील विद्युत् आकर्षण हे याचे परिचित उदाहरण होय.

पुंजयामिकीनुसार कण जितक्या लहान जागेत कोंडला जाईल, तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. विस्तार निम्मा केल्यास ती चौपट होते. विद्युत् वर्चस् मात्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात असल्याने फक्त दुप्पट होते. या विषम वाढीमुळेच अणू कोसळत नाही आणि दोहोंच्या समतोलातून त्याला ठराविक आकारमान लाभते. हायड्रोजनाच्या तळ स्थितीत ही त्रिज्या सु. ०·०५३ नॅनोमीटर असते.

अंतराचे माप बदलून एका प्रणालीवरून दुसरीची उत्तरे मिळविता येतात. उदा., हायड्रोजनातील इलेक्ट्रॉनाच्या जागी म्यूऑन आल्यास समानीत वस्तुमान सु. १८६ पट होते. त्यामुळे त्रिज्या तितक्याच पटीने घटते व बंधन ऊर्जा तितक्याच पटीने वाढते. उत्तेजित स्थितींत त्रिज्या पुंजांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुंजांक १७२ असलेल्या हायड्रोजन अणूची त्रिज्या सु. १·६ मायक्रोमीटर भरते. आयनीभूत वायुमेघांत १७३ व्या पातळीवरून १७२ व्या पातळीवर होणाऱ्या संक्रमणाची सु. १,२८१ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेची रेषा पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने (जीएमआरटी) अभ्यासली गेली आहे.

वर्चस् अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर मात्र दोन्ही ऊर्जा सारख्याच पटीने बदलतात. समीकरणात लांबीचे कोणतेही नैसर्गिक माप उरत नाही. हीच मापबदल सममिती होय. आकर्षण एका क्रांतिक मर्यादेपेक्षा दुर्बल असल्यास कण बद्ध होत नाही. प्रबल असल्यास तळ स्थितीच राहत नाही व कण केंद्रात कोसळतो. प्रत्यक्षात अल्प अंतरावरील इतर प्रेरणा हे पतन थोपवितात. तेव्हा अखंड सममिती भंग पावून खंडित सममिती शिल्लक राहते आणि बद्ध स्थितींच्या ऊर्जा भूमितीय श्रेढीत मांडल्या जातात.

व्ही. एफिमोव्ह यांनी १९७० मध्ये तीन समान बोसॉनांच्या बाबतीत अशा स्थितींचे भाकीत केले. त्यांत प्रत्येक स्थिती आधीच्या स्थितीच्या सु. २२·७ पट मोठी असते. इन्सब्रुक येथे अतिशीत सिझियम अणूंवरील प्रयोगांतून २००६ मध्ये त्यांचा पुरावा मिळाला.