बोटीने किती, रस्त्याने किती? मोटरसायकलवरून उत्तरेकडे जाण्याचा हिशेब

मागच्या भागात आम्ही मोटरसायकल शिकण्याबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, "शिकलात ते ठीक, पण आता जाणार कुठं?" तर आम्ही नॉर्वेला जातोय. आम्ही चौघी जर्मनीत, हांबुर्गच्या आसपास राहतो. तिघींच्या स्वतःच्या गाड्या आहेत आणि चौथ्या, आम्हा सगळ्यांच्याच वहिनी, मागच्या सीटवर बसणार आहेत. वहिनींचं वय ५९. सप्टेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्यामुळे हे वर्ष गेलं तर पुढचं कुणी सांगावं! त्यांची अट एकच आहे: मध्यरात्रीचा सूर्य बघायचा. सुट्टी १७ दिवसांची, पैसे दोन वर्षांच्या भिशीचे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जर्मनीच्या वर डेन्मार्क, त्याच्या पलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे स्वीडन-नॉर्वेचा लांबलचक तुकडा. म्हणजे पाणी कुठंतरी ओलांडावंच लागतं. कुठं ओलांडायचं, यावर सगळी सहल ठरते.

सगळ्यात जवळची वाट पुटगार्डनहून. तिथून डेन्मार्कच्या रोडबीला बोट ४५ मिनिटांत पोचवते. (त्याच ठिकाणी समुद्राखालून बोगदा बांधायचं काम चालू आहे.) रोडबीहून कोपनहेगन, आणि तिथून ओरेसुंडचा पूल ओलांडला की स्वीडनमधलं माल्मो. हा पूल सन २००० मध्ये सुरू झाला. गंमत अशी की तो अर्ध्या वाटेत पाण्यात शिरतो. डेन्मार्कच्या बाजूला बोगदा, मधे मुद्दाम तयार केलेलं बेट, आणि पुढे स्वीडनपर्यंत पूल. बोट अजिबातच नको असेल तर डेन्मार्कमधला १९९८ साली खुला झालेला स्टोरबेल्टचा पूलही आहे. दोन्हीकडे टोल भरावा लागतो, पण मोटरसायकलीला मोटारीपेक्षा कमी. टोलपेक्षा आम्हाला काळजी होती वाऱ्याची. उंच पुलावर बाजूने वारा लागला की भरलेली गाडी ढकलली जाते, आणि मागे माणूस बसलेलं असेल तर जास्तच.

दुसरी वाट डेन्मार्कच्या उत्तर टोकाची. हांबुर्गहून हिर्ट्सहाल्स साधारण ५०० किलोमीटर, तिथून बोटीने सव्वातीन तासांत नॉर्वेतलं क्रिस्टियानसांड. पश्चिमेचे फ्योर्ड बघायचे असतील त्यांनी हीच वाट धरावी. क्रिस्टियानसांडहून ट्रॉनहाइमला जाणारा ई-३९ हा हमरस्ता साधारण ११०० किलोमीटरचा आहे, आणि त्यावर सात ठिकाणी रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो! तुम्ही गाडी घेऊन बोटीत चढता, पलीकडे उतरता, रस्ता पुढे चालू. आपल्या कोकणातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. दाभोळहून धोपाव्याला जायचं तर असंच जंगलजेट्टीत गाडी घालतो. फरक एवढाच की तिकडची खाडी डोंगरांमधून कित्येक कोस आत गेलेली असते. सोग्नेफ्योर्डवरच्या लाविक ते ओपेदाल फेरीवर २०१५ मध्ये पूर्ण बॅटरीवर चालणारी गाड्यांची बोट सुरू झाली. जगातली ती पहिली.

या छोट्या फेऱ्यांचं आगाऊ तिकीट बहुधा काढत नाहीत. रांगेत उभं राहायचं, बोट आली की चढायचं. म्हणून ई-३९ वर नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. एक बोट डोळ्यांदेखत सुटली की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, आणि असं दिवसात दोनदा झालं की मुक्कामाला पोचायला रात्र.

तिसरी वाट कीलची. हांबुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर कील बंदर आहे. तिथून दुपारी २ ला बोट सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला ओस्लोत लागते. वीस तास, रात्रीला केबिन. पहिल्यांदा भाडं पाहिलं तेव्हा आम्ही गप्पच झालो. मग हिशेब मांडला. रस्त्याने ओस्लो म्हणजे आमच्या चालीने तीन-चार दिवस, मधले मुक्काम, पेट्रोल, पूल आणि बोटीचे पैसे. चौघींनी मिळून आतली, बिनखिडकीची केबिन घेतली तर फरक फार उरत नाही. आणि वहिनींचा गुडघा नव्याने ओस्लोत उतरतो, ही बाब तर पैशांत मोजताच येत नाही.

गुडघ्यावरून आम्ही एक नियम केला: दिवसाला ३०० किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि तासाभराने खाली उतरून चालायचं. हा नियम नकाशावर ठेवला की बऱ्याच हौशी आपोआप गळतात. पहिलं गळलं नॉर्डकाप. युरोपच्या उत्तर टोकाचा तो कडा, सगळे तिथं जाऊन फोटो काढतात. पण नार्विकपासून तो ७०० किलोमीटरच्या वर आहे, आणि तेवढंच परत यायचं. आमच्यातल्या एकीने फार हट्ट धरला, दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अगं, मला सूर्य बघायचाय, टोक नाही." मध्यरात्रीच्या सूर्यासाठी आर्क्टिक वृत्त ओलांडलं की पुरतं. लोफोटेन बेटांवर तो मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत मावळत नाही.

दुसरी गोष्ट सोडताना आम्हालाही जड गेलं: पश्चिमेचे फ्योर्ड. गाइरांगर, ट्रोलस्टिगनची अकरा वळणं, सगळं. पश्चिम आणि उत्तर दोन्ही १७ दिवसांत करता येतं, करणारे करतातही, पण ते रोज ४०० किलोमीटर गाडी हाणतात. आम्ही उत्तर निवडली.

तर ठरलेला मार्ग असा. १० जूनला कीलहून बोट. ओस्लोहून ई-६ ने ट्रॉनहाइम ५०० किलोमीटर, पुढे बोडो ७००. समुद्राकाठून जाणारा दुसरा रस्ताही आहे, स्टाइनश्येर ते बोडो ६५० किलोमीटर. तो देखणा खरा, पण त्यावर सहा फेऱ्या, म्हणून जाताना तो नको. ई-६ च्या या टप्प्यावर एकही फेरी नाही. फक्त आर्क्टिक वृत्त ओलांडतो ते साल्टफ्येल पठार उंचावर आहे, तिथं जूनमध्येही रस्त्याच्या कडेला बर्फ दिसतो. पावसाळी कोट तिथं अंगावरच हवा. बोडोच्या आधी एक दिवस राखीव ठेवलाय. बोडोहून मोस्केनेसला साडेतीन तासांच्या आसपासची बोट आहे. हा उघडा समुद्र, बोट हलते; उलटीची गोळी चढण्याआधी घ्यायची.

लोफोटेनला तीन रात्री. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेला असतो. मोस्केनेस, राइने ही गावं डोंगरांच्या दक्षिणेला आहेत, तिथं रात्रभर उजेड असला तरी सूर्य डोंगराआड राहतो. म्हणून एक मुक्काम उत्तर किनाऱ्यावर, एग्गुमच्या बाजूला धरलाय. तीन रात्री यासाठी की दोन ढगाळ गेल्या तरी एक उरते.

आता बोटीत गाडी बांधण्याबद्दल, कारण याची भीती सगळ्यांनाच असते. बोटीचा तळ लोखंडी, रंग दिलेला, बहुधा ओला. अगदी हळू चढायचं, पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, पाय मोकळे ठेवायचे. मागे बसणाऱ्या बाईने आधीच उतरून चालत जावं. जागेवर गाडी साइड स्टँडवर लावायची, पहिला गिअर टाकायचा, मग सीटवरून पट्टा घेऊन दोन्ही बाजूंच्या कड्यांना ताणून बांधायचा. सीट कापू नये म्हणून पट्ट्याखाली जुना टॉवेल ठेवा. पट्टे बोटीवर बरेचदा मिळतात, पण ते कधी तेलकट, कधी फाटके. आम्ही स्वतःचे दोन-दोन नेतोय. गाडीचा अलार्म बंद करा. रात्रीचं सामान, औषधं, कागदपत्रं आधीच वेगळ्या पिशवीत काढा, कारण बोट सुटली की खाली जाऊ देत नाहीत. आणि आपण कितव्या मजल्यावर गाडी लावली ते लिहून ठेवा, सकाळी सगळे जिने सारखेच दिसतात.

नॉर्वेत बहुतेक टोलरस्ते मोटरसायकलींना माफ आहेत. मात्र वेगाला माफी नाही, दंड भयंकर. गावाबाहेर साधारण ८० चा नियम, दारूची मर्यादा नावापुरती. बोगदे पुष्कळ, म्हणून हेल्मेटची काच काळी नको. उत्तरेला बोगद्यात मेंढ्या आणि रस्त्यावर रेनडिअर उभे असतात. एक दिसला की मागे आणखी आहेत असं धरून चाला. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं.

राहायला कॅम्पिंगच्या लाकडी खोल्या, चार जणींना पुरतात. चादरी आपल्या न्या. तंबूही नेतोय. नॉर्वेत मोकळ्या रानात घरापासून १५० मीटर लांब तंबू टाकायची सर्वांना मुभा आहे. कागदांचं म्हणाल तर आमच्याकडे जर्मनीचा राहण्याचा परवाना आहे, त्यावर आणि पासपोर्टवर हे तिन्ही देश फिरता येतात. भारतातून येणारीला शेंगेन व्हिसा, आणि गाडी भाड्याने घ्यायची तर आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही लागेल.

परतीला नार्विकहून किरुना, आणि मग स्वीडनच्या पोटातून जाणारा ई-४५ थेट गोथेनबर्गपर्यंत. सगळं मिळून १७०० किलोमीटरच्या आसपास, सहा दिवस. जंगल, तळी, पुन्हा जंगल. कंटाळवाणा म्हणतात, पण सरळ आणि मोकळा आहे, दुखऱ्या गुडघ्याला तेच बरं. गोथेनबर्गहून संध्याकाळची बोट सकाळी कीलला येते. ती चुकली तर सोमवारी कामावर खाडा, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम गोथेनबर्गपासून १०० किलोमीटरच्या आत धरलाय. वहिनींनी तेवढ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणि तिळाच्या तेलाची बाटली वरच्या पिशवीत ठेवली आहे.